विद्यापीठ गावापर्यंत कसे आले

विद्यापीठ म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? एखादी मोठी दगडी इमारत, वर घड्याळाचा मनोरा, काळे झगे घातलेली विद्वान मंडळी आणि पदवीदानाच्या दिवशीचा थाट. हे चित्र खोटे नाही. पण नुसत्या कळसावरून जसा देवळातला कारभार कळत नाही, तसे एवढ्यावरून विद्यापीठ कळत नाही. विद्यापीठ ही मुळात एक व्यवस्था आहे. काय शिकवावे, कोणी शिकवावे, परीक्षा कशी घ्यावी आणि पदवी कोणाला द्यावी, हे ठरवणारी व्यवस्था. ती ज्या समाजात उभी राहते त्या समाजाचे गुणदोष तिच्यात उतरतात, आणि कालांतराने तीही त्या समाजाला थोडेबहुत बदलते. आपल्या मराठवाड्याच्या विद्यापीठाची हकीकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

मी हे लिहितो आहे ते बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाच्या परिसरातून. नगद नारायण महाराजांचे हे स्थान. लोक त्याला ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. आषाढीला ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही, कोणाच्या पायात त्राण नाही, कोणाची पेरणी अडली आहे, ते सारे गडावर येतात. विठ्ठल तोच, नामाचा गजर तोच; चालणे तेवढे कमी. विद्यापीठ आणि त्याला जोडलेली कॉलेजे यांचे नाते समजून घ्यायला याहून सोपा दाखला मला सुचत नाही. विद्यापीठ एका ठिकाणी असते; पण त्याचा अभ्यासक्रम, त्याची परीक्षा आणि त्याची पदवी तालुक्याच्या कॉलेजात मिळते. याला ‘संलग्नता’ म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट मात्र सरळ आहे.

आता ‘सार्वजनिक विद्यापीठ’ हा शब्द पाहा. महाराष्ट्रात २०१६ साली जो विद्यापीठ कायदा झाला त्याचे नावच मुळी ‘सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम’ असे आहे. असे विद्यापीठ विधिमंडळाच्या कायद्याने जन्माला येते. त्याच्या खर्चाचा मोठा वाटा सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या करातून येतो. राज्यपाल हे त्याचे कुलपती असतात आणि रोजचा कारभार कुलगुरू पाहतात. अंदाजपत्रकावर चर्चा करणारी अधिसभा असते, पैशाचे व कारभाराचे निर्णय घेणारी व्यवस्थापन परिषद असते, शिक्षणाचा दर्जा पाहणारी विद्या परिषद असते, आणि कोणत्या वर्गाला कोणते पुस्तक लावावे हे ठरवणारी अभ्यास मंडळे असतात. थोडक्यात, ही एक पंचायतच म्हणायची, विद्येची पंचायत.

आपल्या देशात या पद्धतीची सुरुवात १८५७ साली झाली. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठे त्या वर्षी निघाली. लंडन विद्यापीठाचा नमुना त्यांच्यापुढे होता. शिकवायचे काम कॉलेजांनी करायचे, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदव्या द्यायच्या, असा तो नमुना. पुढे नागपूरला १९२३ साली आणि पुण्याला १९४९ साली विद्यापीठ झाले. मराठवाड्याची पाळी आली ती १९५८ साली. मुंबईनंतर तब्बल एकशे एक वर्षांनी! हे शंभर वर्षांचे अंतर ज्याला कळले, त्याला मराठवाड्याचा निम्मा इतिहास कळला असे समजावे.

विद्यापीठाची वाढ मोजायची कशी? कोणी इमारती मोजतो, कोणी कॉलेजे मोजतो, कोणी पदवीधर मोजतो. मी एक साधे माप सुचवतो. विद्यापीठ आणि शेवटच्या वस्तीवरचे पोर यांच्यात अंतर किती, ते पाहावे. हे अंतर काही नुसते कोसांचे नसते. ते रस्त्याचे असते, भाषेचे असते, जातीचे असते आणि पोटाचेही असते. ही चारही अंतरे आपण एकेक करून पाहू.

पहिले अंतर रस्त्याचे. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद असे त्याचे पाच मराठी जिल्हे. संस्थानचे विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानाने ते १९१८ साली स्थापन झाले. औरंगाबादला १९२३ साली एक सरकारी कॉलेज निघाले, पण ते इंटरपर्यंतचे. बी. ए. व्हायचे तर हैदराबादची वाट धरावी लागे, नाहीतर संस्थानची सरहद्द ओलांडून पुणे किंवा नागपूर गाठावे लागे. बीडहून निघालेला मुलगा आधी जालन्याला किंवा औरंगाबादला पोहोचायचा, तिथून निजामाच्या रेल्वेने पुढे जायचा. एवढा खर्च कोणाला परवडणार? वतनदाराच्या, वकिलाच्या, सावकाराच्या मुलाला. कुणब्याच्या पोराची शाळा चौथीत संपली तरी नशीब म्हणायचे, आणि गावकुसाबाहेरच्या पोराची ती बहुधा सुरूच होत नसे.

याचा अर्थ या भूमीत विद्या नव्हती असा नाही. पैठणच्या पंडितांचा दबदबा साऱ्या दक्षिणेत होता. आमच्या जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला मुकुंदराज आणि दासोपंत यांची परंपरा आहे. दासोपंतांनी कापडावर लिहिलेली लांबलचक पासोडी आजही लोक आदराने पाहतात. विद्या होती, ग्रंथ होते, गुरूही होते. पण त्या विद्येला सर्वांसाठी उघडे असे दार नव्हते, आणि निजामी राजवटीत नवे दार सहजासहजी निघतही नव्हते. खासगी शाळा काढायची म्हटली तरी सरकारची परवानगी लागे. म्हणूनच स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासारख्या माणसाने आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत मुले शिकवली, आणि तिथून ते मुक्तिसंग्रामाच्या नेतृत्वाकडे गेले. आमच्याकडे शाळा आणि स्वातंत्र्याची चळवळ या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

१९३८ साली याचा पडताळा आला. उस्मानियाच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी झाली. विद्यार्थ्यांनी ती मोडली. पुष्कळांना विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. त्या वेळी नागपूर विद्यापीठाने त्यांतल्या अनेकांना प्रवेश दिला. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतलेच एक. एका विद्यापीठाने दार लावले आणि दुसऱ्याने उघडले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, आणि दोन वर्षांच्या आत मराठवाड्यात कॉलेजे निघू लागली. १९५० साली स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. त्याच वर्षी औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज सुरू झाले. त्याच्याविषयी पुढे सांगणार आहेच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. आता परीक्षांचा धागा हैदराबादला बांधून ठेवण्यात अर्थ नव्हता. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. त्यांच्या सरकारने १९५७ साली न्यायमूर्ती पळणिटकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीच्या अहवालानंतर ५ मे १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा कायदा संमत झाला, आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते विद्यापीठाचे उद्घाटन झाले. पहिले कुलगुरू म्हणून सुंदरराव डोंगरकेरी आले. मुंबई विद्यापीठाच्या कारभारात त्यांचे आयुष्य गेलेले होते आणि त्या विद्यापीठाचा इतिहासही त्यांनीच लिहिला होता. नवे घर बांधताना जुना अनुभवी गवंडी आणावा, तसे हे झाले.

औरंगाबादच्या उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी, जिथे वर बौद्ध लेणी आहेत आणि खाली बीबीचा मकबरा आहे, तिथे हे विद्यापीठ वसले. आसपासचा मुलूखच असा की इतिहासाला वर्गाबाहेर पाऊल टाकले तरी धडा मिळावा. या विद्यापीठाने १९७३ साली नागपूर विद्यापीठाच्या साथीने भोकरदनला उत्खनन केले आणि सातवाहनकालीन भोगवर्धन नगरीचे अवशेष उजेडात आणले. आपल्या पायाखालच्या मातीत काय आहे हे आपल्याच विद्यापीठाने आपल्याला सांगावे, हे त्याचे एक मोठे काम आहे, आणि ते त्याने केले.

विद्यापीठ आले तशी कॉलेजे जिल्ह्याजिल्ह्यांत निघू लागली. बीडला १९६० साली बलभीम कॉलेज निघाले. औरंगाबादचे देवगिरी कॉलेजही त्याच साली निघाले. परभणीला १९७२ साली कृषी विद्यापीठ झाले. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळे झाले, आणि औरंगाबादच्या विद्यापीठाकडे औरंगाबाद, जालना, बीड व उस्मानाबाद हे चार जिल्हे राहिले. त्यांतल्या दोन जिल्ह्यांची नावे २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी झाली आहेत. धाराशिवला २००४ साली विद्यापीठाचे उपकेंद्र उभे राहिले. या चार जिल्ह्यांत आज विद्यापीठाला जोडलेली चारशेहून अधिक कॉलेजे आहेत. आणखी एक गंमत सांगतो. बीड शहरात आगगाडी पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. कॉलेज मात्र तिच्या पासष्ट वर्षे आधी आले होते! रस्त्याचे अंतर रेल्वेपेक्षा विद्यापीठाने आधी कमी केले, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरे अंतर भाषेचे. उस्मानिया विद्यापीठाबद्दल बोलताना एका गोष्टीचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणारे हे आपल्या देशातले पहिले आधुनिक विद्यापीठ. तिथे वैद्यक, कायदा, विज्ञान सारे उर्दूतून शिकवले जाई. त्यासाठी एक अनुवाद खाते काढले होते. त्याचे प्रमुख मौलवी अब्दुल हक. हेच पुढे काही वर्षे औरंगाबादच्या कॉलेजचे प्राचार्य होते. या खात्याने शेकडो ग्रंथ उर्दूत आणले. मोठे विज्ञान इंग्रजीवाचून शिकवता येते, हे उस्मानियाने साऱ्या देशाला करून दाखवले.

अडचण एवढीच की मराठवाड्याच्या घरांत उर्दू नव्हती, मराठी होती. तेलंगणात तेलुगू होती. राज्यकर्त्याच्या भाषेतले शिक्षण रयतेला आपल्या भाषेतले वाटेना. आणि १९४८ नंतर काय झाले? उर्दू गेली आणि इंग्रजी आली. म्हणजे एका परक्या जिन्यावरून उतरून पोरगे दुसऱ्या परक्या जिन्याशी जाऊन उभे राहिले.

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असे नाही. व्हिएतनाममध्ये हनोई येथे फ्रेंच सरकारने १९०६ साली विद्यापीठ काढले. शिक्षण फ्रेंचमध्ये, हेतू मुख्यतः राज्यकारभाराला माणसे मिळावीत हा. १९४५ साली त्या देशाने स्वातंत्र्य पुकारले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते विद्यापीठ पुन्हा उघडले ते व्हिएतनामी भाषेचे माध्यम घेऊन. पुढे युद्धे झाली, हाल झाले. पण भाषेचा तो निर्णय त्यांनी सोडला नाही. शब्द नाहीत म्हणून थांबायचे नसते, शब्द घडवावे लागतात, हे त्यांनी ओळखले होते.

आपणही काही केले नाही असे नव्हे. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले. त्याने शास्त्रांचे परिभाषा कोश काढले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचे काम वाईला उभे राहिले. विद्यापीठाच्या पातळीवरची मराठी पाठ्यपुस्तके काढण्यासाठी ग्रंथनिर्मिती मंडळ झाले. कला शाखेत आमच्याकडे मराठीतून शिकता येते, मराठीतून उत्तरपत्रिका लिहिता येते. विज्ञानाच्या वर्गात मात्र अजून अडते. दहावीपर्यंत ‘गुरुत्वाकर्षण’ म्हणून जी गोष्ट मुलाला नीट समजलेली असते, तीच अकरावीत इंग्रजी नाव घेऊन आली की तो बिचकतो. गोष्ट बदललेली नसते, नावच बदललेले असते. असे किती मुलगे-मुली बुद्धी असून मागच्या बाकावर गप्प बसतात! हे अंतर अर्धेच कापले गेले आहे.

तिसरे अंतर जातीचे, आणि हे सर्वांत अवघड. त्याची गोष्ट विद्यापीठाच्या आधी सुरू होते. डॉ. आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले आणि १९५० साली औरंगाबाद निवडले. मुंबई-पुणे सोडून औरंगाबाद का? कारण उच्च शिक्षणाची सर्वांत मोठी उपासमार इथे होती, आणि दलितांची तर त्याहून मोठी. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. या कॉलेजला पुढे ‘मिलिंद’ हे नाव मिळाले आणि परिसराला ‘नागसेनवन’. मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा. तो प्रश्न विचारी आणि भिक्खू नागसेन उत्तरे देई. राजाने प्रश्न करावा, भिक्खूने न भिता उत्तर द्यावे, आणि पटले तर राजाने ते मान्य करावे, ही खरी विद्येची रीत. कॉलेजचे नाव ठेवतानाच बाबासाहेबांनी पहिला धडा देऊन ठेवला.

नागसेनवनातल्या वसतिगृहांत खेड्यापाड्यांची मुले आली. घरात पहिले पुस्तक आणणारी मुले ती. त्यांतून शिक्षक निघाले, अधिकारी निघाले, कवी निघाले. मिलिंदच्याच वातावरणात डॉ. म. ना. वानखेडे आणि डॉ. गंगाधर पानतावणे यांनी दलित साहित्याचा विचार मांडला. पानतावण्यांचे ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक साठीच्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादहूनच निघू लागले. शिक्षणाने मराठी साहित्याचा चेहरा कसा बदलतो, याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागेल.

मराठवाड्यात उच्च शिक्षणाची पायवाट पाडणाऱ्यांत ज्यांचे स्थान इतके मोठे, त्यांचे नाव विद्यापीठाला असावे अशी मागणी पुढे आली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव केला. आणि मग जे घडले ते लिहिताना हात जड होतो. मराठवाडाभर दंगली उसळल्या. दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे गाव सोडून पळाली, पोचिराम कांबळे यांच्यासारख्यांचे जीव घेतले गेले. विरोध करणारे म्हणत होते की ‘मराठवाडा’ या नावात मुक्तिसंग्रामाची आठवण आहे, ते पुसले जाऊ नये. नावावर प्रेम असणे हा गुन्हा नव्हे. पण नावावरचे प्रेम शेजाऱ्याच्या झोपडीला काडी लावत नाही. काडी लावली ती दुसऱ्याच गोष्टीने. कालपर्यंत वाकून चालणारा आज पुस्तक काखेत घेऊन ताठ चालतो, हे ज्यांना पाहवत नव्हते, त्यांच्या मनातला तो जाळ होता. १९७९ साली प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. मोर्चे झाले, तुरुंगवास झाले, बलिदाने झाली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. दोन्ही नावे राहिली. मधे साडेपंधरा वर्षे गेली.

आज माझ्या वर्गात त्या दंगलीनंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली मुले असतात. सर्व जातींची मुले एका बाकावर बसतात, एकमेकांच्या वह्या उतरवून घेतात. पण ही मुले गावी गेली म्हणजे पुन्हा आपापल्या आळीत जातात. वर्गात मिटलेले अंतर वेशीपाशी पुन्हा उभे राहते. हे काम विद्यापीठाने सुरू केले आहे. पुरे करायचे ते तुम्ही-आम्ही.

चौथे अंतर पोटाचे. बीड जिल्हा म्हणजे ऊसतोड्यांचा जिल्हा. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे बिऱ्हाड बांधून पश्चिमेकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. साखर कारखान्याच्या पट्ट्यात पाचटाच्या कोपीत सहा महिने काढायचे आणि उन्हाळा लागला की परतायचे. आता कॉलेजचे वेळापत्रक याच्या शेजारी ठेवून पाहा. पहिल्या सत्राची परीक्षा साधारण दिवाळीच्या मागेपुढे येते, म्हणजे नेमकी गाडी निघायच्या वेळी. दुसरे सत्र सारेच्या सारे फडात जाते. हजेरी भरत नाही, प्रात्यक्षिके बुडतात. पोरगा हुशार आहे की नाही, हा प्रश्नच इथे येत नाही. त्याचे वर्ष आणि विद्यापीठाचे वर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, एवढेच.

मुलीचे तर आणखी कठीण. मागे म्हातारीजवळ ठेवावी तर काळजी, बरोबर न्यावी तर शिक्षण बुडाले. मग बाप काय करतो? ‘स्थळ आलंय, उरकून टाकू’ म्हणतो. त्या बापाला दोष देऊन भागत नाही. गावापासून एस. टी. ने जाऊन संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरावर कॉलेज असेल, आणि त्याच्याजवळ मुलींचे वसतिगृह असेल, तर तोच बाप म्हणतो, ‘शिकू द्या दोन वर्षं.’ हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या भागातल्या किती मुलींचे लग्न या ‘दोन वर्षां’नी पुढे गेले आणि त्या पदवीधर झाल्या!

पोटाचे अंतर कमी करायचे प्रयत्न झाले आहेत. यशवंतराव चव्हाणांच्या काळात वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ झाली, आणि ‘ई. बी. सी.’ हा शब्द खेड्यापाड्यांत घरोघर गेला. मागास जातींच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. विद्यापीठात ‘कमवा व शिका’ योजना आली. नोकरी-मजुरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना मंजूर झाली. हे सारे चांगलेच आहे. पण वसतिगृहाची एक खाट म्हणजे एका मुलाचे वर्ष, असा हिशोब धरला तर अजून पुष्कळ खाटा टाकायच्या राहिल्या आहेत.

आता कोणी विचारील, ‘गुरुजी, अंतर कमी झालं, कॉलेज दारात आलं, पण मिळालं काय?’ प्रश्न रास्त आहे. कॉलेजांची संख्या वाढली, तशी काही ठिकाणी ती नुसत्या पाटीपुरती राहिली. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात, तासाच्या मानधनावर शिकवणारे तरुण वर्षानुवर्षे तसेच राबतात. ग्रंथालयाला कुलूप, प्रयोगशाळेत धूळ आणि परीक्षेत कॉपी, अशी चित्रे आपण पाहतो. विद्यापीठ गावापर्यंत आले, पण येताना वाटेत विद्या सांडली, असे होता कामा नये. धाकट्या पंढरीला लोक जातात ते तिथे विठ्ठल आहे म्हणून. मूर्तीच नसेल तर जवळ असूनही काय उपयोग?

तरीही मी निराश नाही. ज्या घरात आजोबाने अंगठा उठवला, बापाने सही शिकली, त्या घरातली नात आज पदवीच्या परीक्षेला बसते. तीन पिढ्यांत एवढी मजल माणसाने कशाच्या बळावर मारली? सरकारी तिजोरीतून चालणाऱ्या, सर्वांना सारख्या नियमाने प्रवेश देणाऱ्या सार्वजनिक विद्यापीठाच्या बळावर. पैसा पाहून दार उघडणाऱ्या संस्था आता पुष्कळ झाल्या आहेत. त्यांत चांगल्याही आहेत. पण फडातून आलेल्या पोराला परवडेल अशा फीत शिक्षण देण्याची जबाबदारी कायद्याने ज्याच्यावर टाकली आहे, ते सार्वजनिक विद्यापीठच. ते खिळखिळे झाले तर श्रीमंताच्या मुलाचे काही अडत नाही. तो पुण्याला जाईल, परदेशी जाईल. अडेल ते आपले.

म्हणून दोन गोष्टी सांगून थांबतो. तुमच्या घरात कोणी पदवीधर असेल तर त्याने विद्यापीठाकडे पदवीधर मतदार म्हणून आपले नाव नोंदवावे. अधिसभेवर पदवीधरांचे प्रतिनिधी निवडून जातात, आणि ही निवडणूक आपल्यापैकी बहुतेकांना माहीतही नसते. ज्या पंचायतीत आपण मत देत नाही, तिच्या कारभाराबद्दल पारावर बसून कुरकुर करण्यात अर्थ नाही. दुसरी गोष्ट, तालुक्याला बाजाराला जाल तेव्हा एकदा कॉलेजात डोकावून या. ग्रंथालय उघडे आहे का, तास होतात का, आपल्या गावची किती मुले हजर आहेत, हे विचारा. विचारायला संकोच नको. कॉलेज तुमच्या पैशावर चालते, आणि आत बसलेले पोर तुमचे आहे.